कुरुळीत अडकलेला स्टड

खेडच्या शाळेने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा आबांनी एस.टी.चा विषयच काढू दिला नाही. "मी सोडतो फटफटीवर," म्हणाले. आबा, माझे वडील, लष्करी वर्कशॉपात फिटर आहेत. ही मोटारसायकल लढाईनंतरच्या लिलावातली. लहानपणी ते ती खोलत आणि मी पाने हातात देई. कॉलेजात गेल्यापासून मात्र ते मला तेलाजवळ येऊ देत नाहीत.

चिंचवडहून उन्हं चढण्याआधी निघालो. या रस्त्याने जाणाऱ्यांनी पाणी भोसरीतच भरून घ्यावं. मोशीपुढे सावली फार थोडी. धावत्या गाडीवर बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून गप्प होतो. इंद्रायणीकाठी भाकरी खाताना मात्र ते कारण नव्हतं.

कुरुळीजवळ इंजिन धापा टाकू लागलं. इंजिनावरचं झाकण आवळून धरणारा एक स्टड, म्हणजे आट्यांची सळी, तुटला होता. त्याचा तुकडा सिलिंडरमध्ये गंजून बसलेला. गावच्या लोहाराने भट्टी पेटवून दिली.

"जोर केला तर आतले आटे जातील," आबा म्हणाले. भोवतालचं लोखंड तापवायचं, मेण सोडायचं, थांबायचं, मग पकडीने हळूच मागेपुढे. सिलिंडर कुणीतरी धरायला हवा होता. मी पदर खोचला.

"तू नको. काळ्या हातांनी मुलाखत देणार?"

"धरू द्या की मिस्त्री. पोरगी हाय न्हवं तुमची?" लोहार म्हणाला.

"बी.ए. आहे ती."

"मंग बी.ए.ला धरता येत न्हाई व्हय?"

मला हसू आलं. आबांना आलं नाही. त्यांनी खेडची एस.टी. थांबवून मला बसवलं. तिकीट काही आण्यांचंच, पण चाकणला कांद्याची पोती चढतात, तिथे उशीर धरून चालावं.

शाळेत विचारलं, "बरोबर कोणी नाही?"

"वडील कुरुळीत आहेत. गाडी दुरुस्त करताहेत."

नोकरी मिळाली. राहायला खोलीही.

संध्याकाळी कुरुळीत परतले तर गाडी दुरुस्त होऊन उभी होती. बातमी सांगताच लोहार उठून उभा राहिला. "मेण आत गेलं आन् तुकडा कुरकुरत सुटला बघा, बाई. म्याच धरलं व्हतं."

सकाळी मी पोरगी होते.

घरी आईने ओवाळलं, शेजारी पेढे मागून गेले. खेडचा रस्ता चांगला आहे, जरूर जावं. मला मात्र तो तुकडा सुटताना पाहायचा होता.

"पुढच्या वेळी गाडी खोलाल तेव्हा मला हाक मारा," मी आबांना म्हटलं.

"तू खेडला असशील," ते म्हणाले.