कात्रीचा मानकरी

लवूने उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली. गाडीत असेपर्यंत त्याच्या शब्दाला किंमत होती. पुढे व्हा म्हटलं की माणसं पुढे होत, दोरी ओढली की एवढी मोठी गाडी जागच्या जागी थांबे. पण गाडीतून उतरून गावच्या रवळनाथाच्या देवळात पाऊल टाकलं की लवू कोणीच नसे. त्याचा आजा बायकोच्या माहेरी येऊन राहिलेला, म्हणून घराणं उपरं, आणि उपऱ्यांना देवळात मान नाही. जत्रेच्या दिवशी मानकऱ्यांच्या नावांचा पुकारा होई. ज्याचं नाव येई तो उपरणं सावरत पुढे जाई आणि नारळाची अख्खी वाटी घेऊन परते. कोणाला देवाचा तरंग, म्हणजे वस्त्रं नेसवलेली उंच काठी, धरण्याचा मान होता, कोणाला तरंग धरणाऱ्याच्या पाठीला हात लावण्याचा, आणि एका घराण्याला तर नुसतं पुढे येऊन मागे जाण्याचा मान होता. लवू खांबाशी उभा राहून बघत असे. त्याच्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडा येई, तोही पोरांच्या रांगेत.

निवृत्तीनंतर त्याने या गोष्टीचा ध्यासच घेतला. आपलं नाव एकदा त्या पुकाऱ्यात यावं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो बायकोला म्हणे.

"डोळे मगे मिटा," सुगंधा म्हणे, "आधी नारळ सोला."

अशातच देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मुंबईच्या मंडळाने गुळगुळीत लाद्या दिल्या, वर एक मोठा उभा पंखाही दिला. गाभाऱ्यामागची जुनी लाकडी पेटी हलवायला लागली, तेव्हा कुलूप तोडलं. आत कसर लागलेलं एक सोवळं निघालं आणि सोवळ्यात गुंडाळलेली पितळी कात्री.

तशी कात्री गावात कोणी पाहिली नव्हती. वीतभर लांब, टोक अणकुचीदार. एका पात्यावर काड्यापेटीच्या निम्म्याएवढी डबी बसवलेली, दुसऱ्या पात्यावर त्या डबीत बरोबर बसेल अशी पट्टी. आणि खाली तीन इवलेसे पाय. जमिनीवर ठेवली की कात्री ऐटीत उभी राही.

देवाच्या पेटीत निघाली म्हणजे ती कोणाच्या तरी मानाची असणार, यात कोणाला शंका नव्हती. कोणाच्या, एवढंच ठरायचं होतं. धोंडू गावकर हा पहिल्या मानाचा. त्याने लगेच सांगितलं की त्याच्या पणज्याला अशीच काहीतरी वस्तू होती. दुसऱ्या घराण्याला आठवलं की देवाच्या हाराचा दोरा याच कात्रीने कापत. तिसऱ्यांच्या पणज्याने म्हणे तिने संस्थानच्या घोड्याची आयाळ कातरली होती. आठवड्याभरात गावातल्या झाडून सगळ्या मानकऱ्यांच्या पणज्यांच्या हातात ती कात्री येऊन गेली. शेवटी कौल लावायचं ठरलं.

कौलाची रीत साधी. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबू गुरवाने एकेका घराण्याचं नाव घेतलं, मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि डावी कळी पडली. प्रत्येक वेळी डावीच. दुपार टळली. घामाने निथळलेल्या बाबूने नवा पंखा उचलून दुसऱ्या अंगाला ठेवला आणि विचारलं, आता कोण उरलं. कोणीच उरलं नव्हतं. खांबाशी लवू होता. देवाला रिकामं कसं पाठवायचं म्हणून बाबूने त्याचं नाव घेतलं, आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन खाली आली.

पंखा नुकताच हलवला होता, हे लवूलाही दिसलं होतं. देव वाऱ्यातूनही बोलू शकतो, अशी त्याने आपली समजूत घातली.

मानकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण धोंडू गावकर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, "मान तुझो, लवू. पण कातर कित्याची तां आधी सांग. काम ठावक नसताना पुकारो कसो घालूचो? 'लवू, ये आणि कायतरी कातर', असो?"

झालं. जत्रेपर्यंत कात्रीचं काम शोधून काढायचं, नाहीतर मान गेला. लवूने कात्री फडक्यात बांधून घरी नेली आणि दिसेल ते कापून पाहिलं. सुपारी कापली जाईना. मिशीचे केस कापले, पण ते डबीत जाऊन बसले आणि काढता काढता नाकी नऊ आले. सुगंधाने मात्र कोथिंबीर कापून पाहिली आणि एकही पान खाली सांडलं नाही म्हणून खूश झाली. ही आपल्याकडेच राहू दे, देवाला कोथिंबीर कुठे लागते, असं तिचं म्हणणं पडलं.

मग लवू सावंतवाडीला गेला. शिंप्याने कात्री न्हाव्याची ठरवली, न्हाव्याने डॉक्टरची. डॉक्टरांनी ती दुरूनच पाहिली आणि लवूला धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं. अखेर तो इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांकडे पोचला. त्यांना सगळे विनीत सर म्हणत. सरांनी चष्मा पुसला, कात्री टेबलावर उभी केली आणि तासभर बोलले. ही संस्थानकाळातली गुप्त खलित्यांची कात्री. खलित्याची लाख फोडायची आणि तिचा चुरा डबीत जपून ठेवायचा, म्हणजे शत्रूच्या हाती लागत नाही. आणि पाय कशाला? तर खलिता वाचताना सरदाराचे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.

लवूला रडूच आलं. तिकिटं फाडण्यात जन्म गेला आणि आजा निघाला खलिते फोडणारा. जत्रेच्या आधी गावाची बैठक होती, तिथे येऊन हेच सांगा म्हणून त्याने सरांना आमंत्रण दिलं. सर आमंत्रण पुरं होण्याआधीच कबूल झाले.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा ओंकार घरी आला. तो गोव्यात कारखान्यात होता. बापाच्या कात्रीचा फोटो त्याने पणजीत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दाखवला होता. दुकानदाराने तशाच तीन कात्र्या काढल्या आणि मेणबत्ती पेटवून कशी वापरतात तेही दाखवलं. मेणबत्तीची जळकी वात कातरायची, आणि निजताना ज्योत चिमटीत धरून विझवायची. जळका तुकडा पडायला डबी, मेज डागाळू नये म्हणून पाय. पोर्तुगिजांच्या घराघरात असायची. कोणा शिपायाने नाहीतर पाद्र्याने टाकलेली उचलून कोणीतरी देवाला वाहिली असेल. आता कोणी घेत नाही, असं दुकानदार रडत होता.

लवूने ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. विझवायची कात्री! त्याच्या घरात दिवा विझवला असं कोणी तोंडाने म्हणतसुद्धा नसे, दिव्याला निरोप दिला म्हणत. देवासमोर दिवा मालवणारं घराणं म्हणून पुकारा होण्यापेक्षा पोरांची रांग बरी. त्याने ओंकारला दम दिला की उद्या तोंडातून ब्र काढायचा नाही.

"तो गप रवात," सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली, "पण देवासमोर तुमीच उभे रवतलास मां?"

दुसऱ्या दिवशी विनीत सर सभामंडपात असे रंगले की पोरं खेळ सोडून ऐकू लागली. लवूने मान खाली घातली होती. सर खाली बसले आणि धोंडू गावकर उठला. खलिते म्हणजे सरदारकी, आणि सरदारकी म्हणजे त्याचं घराणं. तेव्हा मागच्या कौलाच्या वेळी पंखा चालू होता ही गोष्ट त्याने प्रथमच गावाच्या नजरेस आणली. कौल पुन्हा लावावा. बाकीच्या मानकऱ्यांनाही पंखा आठवला. बाबू गुरव तर कळ्या आणायला निघालाही.

लवूला बोलायचं नव्हतं. पण समोर देव होता, आणि बायकोच्या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नव्हती. तो खांब सोडून पुढे आला आणि धोंडूला खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, थांबा. ही खलित्याची न्हय. मेणबत्ती विझवची कातर आसा. झिलान पणजीत बघल्यान."

विनीत सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना सावंतवाडीची गाडी गाठायची होती. मानकरी एकमेकांकडे बघत होते. ज्याच्या पणज्याने हाराचा दोरा कापला होता तो म्हणाला, आमच्याकडे कात्र्या कधी नव्हत्याच. घोड्याच्या आयाळीवाला म्हणाला, आमच्याकडे घोडाच नव्हता. धोंडू गावकराने बाबूला कळ्यांसकट मागे बोलावलं.

"कौल म्हणजे कौल," तो गंभीरपणे म्हणाला. "देवान लवूचो हात धरलो. आता देवाचो शब्द मोडूचो नाय."

सगळ्यांनी मोठ्या मनाने माना डोलावल्या. एकच अट पडली: देवासमोरचा दिवा विझवणं अशुभ, तेव्हा लवूने कात्री नुसती धरून उभं राहावं, चालवू मात्र कधीही नये.

जत्रेच्या दिवशी अगदी शेवटी, लोक उठायला लागल्यावर, लवूच्या नावाचा पुकारा झाला. नवं उपरणं सावरत तो पुढे गेला आणि दोन्ही हातांत कात्री धरून समईशेजारी ताठ उभा राहिला. सुगंधा बायकांमधून बघत होती. तिने पदर डोळ्यांना लावला. धूर असेल.

धूर खरोखरच होता. समईच्या वातीवर काजळीचं बोंड धरलं होतं, आणि बाबू गुरवाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मंत्र अडखळायला लागले तशी त्याने लवूला हळूच कोपराने ढोसलं.

"लवू, इतकी वात कातर रे. दिवो विझवू नको, नुसती काजळी काढ. कातर हातात आसाच मां तुझ्या?"

लवूने समईकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं.

"माझो मान धरूचो आसा," तो म्हणाला. "कातरूचो होयो तर कौल घेवक लागतलो."

बाबूने निमूट बोटांनी काजळी खुडली आणि चटका बसला म्हणून बोटं तोंडात घातली. धोंडू गावकराने हे सगळं पाहिलं होतं आणि मानकऱ्याला शोभेलसं ते उत्तर ऐकलंही होतं. त्याने शेजारच्या मानकऱ्याला बाजूला केलं आणि पहिल्या ओळीत, आपल्याला लागून, लवूसाठी पाट मांडून घेतला.