तात्यांना पिंपांचा कारखाना दाखवला त्याची हकिगत

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही ओहायोतल्या डब्लिनहून केंटकीकडे निघालो, तेव्हा गाडीत मी, माझे सासरे तात्या, दशम्यांचा डबा आणि बायकोची ताकीद एवढा ऐवज होता. ताकीद अशी : "तात्या थांबले नाहीत तर बघ." काय बघ, ते तिनं सांगितलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात ते सांगावं लागत नाही.

तात्या सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते. सातव्या आठवड्यात, आमटीचा भुरका मारून झाल्यावर ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून द्या. महिनाअखेरीला निघतो. झालं बघून."

आणि बघून खरोखरच झालं होतं. नायगारा दाखवला, तर तात्या म्हणाले, "पाणी भरपूर आहे." न्यूयॉर्कच्या उंच इमारती दाखवल्या, तर मान दुखली. आमचं घर मात्र त्यांनी स्वतःहून पाहिलं होतं. आल्याच्या पहिल्या दिवशी दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आत पोकळ?" मग दारं, कपाटं, जेवणाचं टेबल, सगळ्यांवर टकटक झाली. तीस वर्षांचं कर्ज काढून मी घेतलेलं हे घर त्यांच्या लेखी खोक्याच्या लायकीचं ठरलं. आठवड्याभरानं टकटक बंद झाली. मला हायसं वाटलं, पण माझी बायको सुजाता काळजीत पडली. "ते टकटक करत होते तोवर बरं होतं रे," ती म्हणाली. आमची दहा वर्षांची रिया तर जेवताना सरळ म्हणाली, "आजोबा इज बोअर्ड." घरात खरं बोलणारी ती एकटीच.

तात्यांची चिपळूणला चाळीस वर्षं लाकडाची वखार होती. सासूबाई गेल्या, सुजाता इथं, पाहणारं कुणी नाही, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी ती विकली. आम्ही फोनवर म्हणालो होतो, "बरं झालं, सुटलात. आता आराम करा." ते आराम करायला इथं आले होते.

तेव्हा मी ही युक्ती काढली. ऑफिसमधल्या एकानं सांगितलं होतं की केंटकीत व्हिस्कीची लाकडी पिंपं करणारा एक कारखाना आहे, दुपारी पाहुण्यांना आत फिरवतात. लाकूड म्हणजे तात्यांचा प्राण. ते दाखवलं तर माणूस जरा रमेल, तिकिटाचं विसरेल. तात्या आयुष्यात सुपारीच्या पलीकडे गेले नव्हते, म्हणून मी त्यांना फक्त 'लाकडाचा कारखाना' एवढंच सांगितलं. आणि आता लपवायचं कशाला, शेवटी पाहुण्यांना छोट्या पेल्यातून थोडी चव देत असतील, आणि तेव्हा तात्या दुसरीकडे बघत असतील, असाही एक हिशेब मी मनात केला होता.

सिनसिनाटीला ओहायो नदी ओलांडली की केंटकी लागतं. हळूहळू डोंगर मवाळ होतात, गवत दाट होतं, काळ्या रंगाची लांबच लांब कुंपणं आणि त्यांच्याआड आमच्यापेक्षा सुखवस्तू दिसणारे घोडे. एका विसाव्याच्या जागी झाडाखाली बसून आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. शेजारच्या बाकावरचं कुत्रं चटणीच्या वासानं आमच्याकडे आलं आणि त्याच वासानं परत गेलं.

तिथून पुढे मी रस्ता चुकलो. रस्ता इंटरनेटवरून पाहून छापून घेतला होता, चार पानं. त्यातलं तिसरं पान घरी प्रिंटरमध्येच राहिलं होतं. मी दिवसभर कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधल्या इतरांच्या चुका शोधून पगार घेतो. माझ्या चुका बायको फुकट शोधते. ती बरोबर नसल्यामुळे आम्ही तंबाखूच्या शेतांमधून बरंच भटकलो. शेवटी तात्यांनी खिडकीची काच खाली केली, नाक बाहेर काढलं आणि म्हणाले, "डावीकडे घ्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लाकूड जळतंय. पण चुलीतलं नाही. मुद्दाम, बेतानं जाळतायत."

दोन मैलांवर कारखाना निघाला. फाटकावर भलंमोठं पिंप रंगवलेलं होतं आणि खाली ते कशाचं ते ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी गाडी जरा वेगानं आत घेतली.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "मी मॅट्रिकला होतो तेव्हा आम्हाला इंग्रजी होतं."

"नाही, म्हणजे मी सांगणारच होतो..."

"पिंपात कोण काय भरतो, त्याच्याशी आपल्याला काय? चला."

आत स्वागताच्या टेबलामागं एक प्रशस्त बाई होत्या. त्यांनी तात्यांना नखशिखान्त न्याहाळलं. इस्त्रीची पँट, जुलैच्या उन्हातही मोजे, पॉलिश केलेले काळे बूट. "हे सद्गृहस्थ जाऊ शकतात," त्या म्हणाल्या. मग माझ्या सँडल्सकडे बघून, "तू नाही, हनी. उघडी बोटं आत चालत नाहीत."

चार तास गाडी हाकून आलेल्या माणसाला ही बातमी. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी कपाटातून पिवळे रबरी गमबूट काढून दिले. माझ्या दोन पायांपैकी प्रत्येक पाय त्यात जवळजवळ दोनदा मावला असता. वर चष्म्यावर आणखी एक संरक्षक चष्मा. पुढं ताठ मानेनं तात्या आणि मागं फटक्-फटक् करत मी, असे आम्ही कारखान्यात शिरलो.

बाहेर मोकळ्या अंगणात ओकच्या फळ्यांच्या उंच चळती उन्हापावसात वाळत ठेवल्या होत्या. तात्या एका चळतीपाशी थांबले, फळीवर पेरानं टकटक केलं, आणि मी सात आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना मान डोलावताना पाहिलं.

आतला आवाज आणि उष्णता सांगून कळायची नाही. एक दांडगा तरुण लोखंडी कड्याच्या आत एकामागून एक फळ्या उभ्या करत होता. काही रुंद, काही अरुंद, मोजमाप काही नाही. नुसतं नजरेनं उचलायची आणि बसवायची, आणि तिसावी-बत्तिसावी फळी बसली की कडं घट्ट. खिळा नाही, सरस नाही. मग वाफेनं फळ्या मऊ करून दुसरं तोंड आवळायचं. त्यानंतर उघडी पिंपं रांगेनं सरकत जातात आणि त्यांच्या पोटात जाळ सोडतात. आग पिंपाच्या तोंडातून पुरुषभर वर येते, आतून लाकूड कोळशासारखं काळं होतं, की लगेच पाणी मारून विझवतात. मी दोन पावलं मागं सरलो. माझे गमबूट जागेवरच राहिले.

आम्हा पाहुण्यांना कारखाना फिरवून दाखवणाऱ्या मुलीला मी हळूच विचारलं, "शेवटी चव वगैरे...?"

"इथं थेंबसुद्धा नसतो, सर. इथून पिंपं रिकामीच जातात," ती म्हणाली. ती मोठ्यानंच म्हणाली. तात्यांनी छताकडे पाहिलं.

शेवटच्या दालनात पिंपात पाणी आणि हवा दाबून गळती बघतात. गळणारी पिंपं एका कोपऱ्यात जातात आणि तिथं सबंध कारखान्यातला सगळ्यात म्हातारा माणूस बसलेला होता. नाव अर्ल. हात घोरपडीच्या पाठीसारखे. गळतीच्या जागी तो लाकडाची बारीकशी खुंटी ठोकायचा, फळ्यांच्या सांध्यात वाळलेल्या लव्हाळ्याची पात दाबून बसवायचा. तात्या तिथं जे थांबले ते हलेनात. बाकीचे पाहुणे पुढं गेले.

"त्यांना विचारा," तात्या म्हणाले, "लाकूड जून घेतात की कोवळं."

मी अभिमानानं भाषांतर केलं. अर्लनं हातोडी थांबवली. "बाळा," तो म्हणाला, "हे लाकूड आहे. मटण नाही."

मी पुन्हा प्रयत्न केला, तो आणखी फसला. मग तात्यांनी मला बाजूला सारलं, एक फळी उचलली आणि तिच्या टोकावरच्या वर्तुळांवर नखानं रेघ ओढली. अर्लनं लगेच दोन बोटांनी अंतर दाखवलं. तात्या म्हणाले, "हां." पुढची दहा मिनिटं माझी कुणालाच गरज नव्हती. तात्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं की आमच्याकडे होडीच्या फळ्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, आणि अर्लला ते कळलं. मी वीस वर्षं इंग्रजीत नोकरी करतोय, मला ड्राइव्ह-थ्रूमध्ये अजून दोनदा ऑर्डर सांगावी लागते.

अर्लनं सांगितलं की पिंपात भरलेलं सगळंच परत मिळत नाही, थोडं लाकूड ठेवून घेतं. हे मात्र मी नीट भाषांतरलं.

"म्हणजे पिणारं लाकूडच," तात्या म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

मग त्यांनी मला विचारायला लावलं, "यांचं वय काय?"

"त्र्याहत्तर," अर्ल म्हणाला. "रिटायर होऊन आठ वर्षं झाली. चार महिने घरी पुढच्या पडवीत बसलो. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायचो. शेवटी बायको म्हणाली, 'एकतर तू जा, नाहीतर मी जाते.' इथं येऊन मालकाला म्हटलं, तुझी गळकी पिंपं मला दे. आठवड्यातून तीन दिवस येतो." मग त्यानं तात्यांकडे हातोडी रोखली. "आणि यांचं काय? घरी गेल्यावर हे काय करणार?"

मी भाषांतर केलं. नेहमीच्या चालीवर, हवापाण्याची चौकशी करावी तसं.

तात्यांनी हातातली फळी खाली ठेवली. "सांगा त्यांना, वखार विकली. इथं माझं काही काम नाही. तिथंही नाही. महिनाअखेरीला जातोय, पण जाऊन काय करायचं ते माहीत नाही."

आता हे इंग्रजीत सांगायचं होतं. शब्द सोपे होते. मला ते जुळवायला फार वेळ लागला, आणि त्या वेळात मला एवढंच सुचत होतं की सात आठवडे हा माणूस माझ्या पोकळ भिंतींच्या घरात राहतोय, आणि मी त्याला नायगारा बघितला का, पंखा हवा का, चहात साखर किती, सगळं विचारलं. हे विचारलं नाही. केंटकीतल्या एका अनोळखी माणसानं दहा मिनिटांत विचारलं.

अर्लनं ऐकून घेतलं. सहानुभूती वगैरे काही नाही. तो एवढंच म्हणाला, "ज्यानं विकत घेतली त्याला लाकडातलं कळतं का?"

"दिलीपला?" तात्या उसळून म्हणाले. "त्याला डोंबल कळतंय! ऐनाला साग म्हणून विकेल तो!"

याचं भाषांतर करावंच लागलं नाही. अर्लनं दोन्ही हात पसरले, म्हणजे मग झालंच की, आणि पुढचं पिंप ओढलं.

परतीच्या वाटेवर तात्या नदी येईपर्यंत खिडकीबाहेरची झाडं बघत होते. पुलावर म्हणाले, "उद्या सकाळी तुमच्या ऑफिसच्या आधी मला फोन लावून द्या. तिकडे संध्याकाळ असेल, दिल्या वखारीतच सापडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून मी परदेशी फोनच्या कार्डावरचे सगळे आकडे दाबून फोन लावला. तात्या नेहमीप्रमाणे, समुद्रापलीकडे ऐकू जावं अशा आवाजात बोलले. "दिल्या? अरे, मी तात्या. पगारबिगार काही नको मला. सकाळचे तीन तास येऊन बसेन, माल निवडून देईन... काय?... अरे, गाधड्या, मग ट्रक उतरवून घेतलासच कशाला?... हात लावू नको कशाला. मी येतोय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "त्यानं ओलं लाकूड घेऊन ठेवलंय. महिनाअखेरपर्यंत थांबलो तर सगळं फाटेल. पुढच्या रविवारचं मिळतंय का बघा."

म्हणजे सासऱ्यांना थांबवायला निघालेला मी एका दिवसात त्यांचं जाणं आणखी तीन आठवडे अलीकडे आणून बसलो होतो. सुजाता हातात दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी त्या 'बघ'ची वाट पाहत उभा राहिलो.

पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तात्या टेबलाशी बसून रियाच्या वहीच्या मागच्या पानावर लाकडाच्या चळती कशा लावायच्या ते आखत होते, आणि रिया विचारत होती, "बट आजोबा, मधे गॅप का ठेवायची?"

"हवा खेळायला," तात्या सांगत होते. "बस इकडे. तुझ्या बाबाला नाही कळायचं ते."

सुजातानं पातेलं गॅसवर ठेवलं. "रविवारचं नाही मिळालं तर शनिवारचं बघ," ती म्हणाली आणि डोळे पुसत चहा टाकायला लागली.