हनुवटीवरचा हात

लेझरच्या दवाखान्यात माझ्यासमोर बसलेली मुलगी सारखी हनुवटीवरून बोटं फिरवत होती. राठ केस लागला की बोट तिथेच थांबायचं. तिला आत बोलावलं आणि लगेच परतही पाठवलं. दारातून सिस्टर म्हणाली, "अगं, उपटायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं ना? मूळच नाही तर लेझर जाळणार काय? ब्लेड फिरवायचं फक्त. आता महिन्याने ये."

"काल बघायला आले होते," मुलगी खाली बघत म्हणाली. "आणि आई ब्लेड लावू देत नाही. म्हणते, बाईच्या जातीने दाढी करायची का?"

सिस्टरने तिच्या कार्डावर पुढची तारीख लिहून दिली. मुलगी हनुवटीवर ओढणी घेऊन निघून गेली.

मी तिला थांबवून काय सांगणार होते? मी नेमाने ब्लेड फिरवते, वर्षानुवर्षं इथे येते. जळलेल्या केसांशेजारी नवे उगवतात. हार्मोन्सचं असंच असतं, डॉक्टर म्हणतात, गोळ्याही बदलून देतात. माझ्याच शरीराला माझा चेहरा ठाऊक नसावा, तसं ते मुकाट्याने आपलं काम करत राहतं. पहाटे आरशापुढे उभी राहिले की आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात राहतो आहोत, असं वाटतं.

माझं नाव पुकारलं तेव्हा लक्षात आलं, माझाही हात हनुवटीवरच होता. माझ्या प्रत्येक फोटोत तो तिथेच आहे. लग्नातल्या फोटोतसुद्धा.

बघणारे म्हणतात, किती विचारी दिसतेस.