कादीकोयची रीत

परवा बुधवारी सकाळी मी आमच्या दारासमोर एक तांब्या पाणी ओतलं... आणि तेवढ्यावरून माझ्या बहिणीचं माहेर तुटायची वेळ आली.

गोदी माझी धाकटी बहीण. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, बाळ चार महिन्यांचं झालं, म्हणून तिला न्यायला भिवापूरहून तिची सासू आली होती. मी त्यांना मावशी म्हणतो. इतवारी स्टेशनावरून छोटी रेल्वे पकडायची घाई, आईने ओटी भरली, दोघी टांग्यात बसल्या. टांगा हलला तसा मी ओट्यावरचा भरलेला तांब्या उचलला आणि त्यांच्या मागे रस्त्यावर ओतून टाकला.

टांगा दहा पावलांवर थांबला...

आपल्याकडे माणूस घराबाहेर पडलं की लगेच झाडत नाहीत, पाणी टाकत नाहीत. प्रेत उचलल्यावरच ते करतात. हे मलाही ठाऊक होतं, पण हात आधी चालला, डोकं मागून आलं.

मावशी खाली उतरल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. आईला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या पोरानं तान्ह्या लेकराच्या मांगं पानी टाकलं. आता गोदी या दारात पुन्हा येनार नाही."

आईने मला मुडद्या म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. गोदी बाळाला छातीशी धरून नुसती माझ्याकडे बघत होती. मग सगळं सांगणं भाग पडलं...

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, मी शाळा अर्धी टाकून भटकत भटकत कामठीच्या छावणीत पोचलो होतो. जर्मन-तुर्कांशी चाललेली मोठी लढाई संपता संपता पलटणीच्या खेचरांना दाणापाणी करायला मला बोटीत चढवलं. उतरलो ते थेट तुर्कांच्या इस्तंबूलला.

त्या शहराच्या मधूनच समुद्र जातो. आमचा तळ पलीकडच्या काठाला, कादीकोय म्हणून भाग आहे तिथे. धक्क्यापासून वर चढत जाणाऱ्या गल्ल्या, मासळीने भरलेल्या लाल पराती, परातींखाली मांजरं... आगबोट आली की तिच्यामागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, शेतात नांगरामागे बगळे फिरतात तसा. मी अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं. खेचरं तहानलेली ठेवून धक्क्यावर बघत बसायचो आणि जमादाराच्या शिव्या खायचो. एकदा जांभूळ समजून एक काळं खारवलेलं फळ तोंडात टाकलं, ते... जाऊ द्या, ते पुन्हा कधी.

आमच्या तबेल्यासमोर एक म्हातारी राहायची. तिची बोली मला येत नव्हती, माझी तिला नाही. तरी रोज सकाळी तीळ लावलेलं पावाचं कडं माझ्या हातात ठेवायची, आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलायची नाही.

आम्ही परत निघालो त्या दिवशी तिने दारातून बादलीभर पाणी माझ्या पाठीमागे फेकलं. मला वाटलं, झालं... हिने मला जिवंतपणीच पोचवलं. मी रागाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बोटीवर आमच्या पंजाबी स्वयंपाक्याने सांगितलं, अरे, ही यांची रीत आहे. पाण्यासारखा न अडता जा आणि पाण्यासारखाच वाहत परत ये, असं म्हणून टाकतात. तोवर कादीकोय दिसेनासं झालं होतं... तेव्हापासून कोणी आपलं माणूस निघालं की माझा हात तांब्याकडे जातो.

हे सगळं मी रस्त्यात उभा राहून, एका दमात सांगितलं. टांगेवालाही लगाम सोडून ऐकत होता.

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "अन् तू आला का वापस?"

"आलो नं मावशी. हा काय उभा तुमच्यापुढं."

"आला, पन अक्कल तिकडंच सोडून आला." गोदीला हसू फुटलं. मला वाटलं, मिटलं... पण मावशी टांग्याकडे वळल्या नाहीत.

त्यांचा धाकटा मुलगा शंकर. तोही लढाईच्या कामावर अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडे गेला होता, आणि वर्षभरापासून त्याचं पत्र नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नाही, एवढं गोदीकडून कानावर होतं.

त्या अगदी हळू म्हणाल्या, "ज्याच्या मांगं तवा कोनी टाकलं नाही, त्याच्यासाठी आता टाकलं तं चालते का गा?"

हो म्हणणं सोपं होतं. पण स्वयंपाक्याने मला एवढं काही सांगितलं नव्हतं. "मले नाही माहीत, मावशी," एवढंच म्हणालो.

आई आत गेली. मला वाटलं, पदराने डोळे पुसायला गेली असेल. ती रांजणातून तांब्या भरून घेऊन आली आणि मावशींच्या हातात दिला.

मावशींनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो ओतला... सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग टांग्यात चढता चढता आईला म्हणाल्या, "दिवाळीले पाठवतो हिले." गाडीही मिळाली.

माझ्या आगाऊपणावर रागावून त्या तशाच निघून गेल्या असत्या, तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या थांबल्या, माझ्यासारख्या अर्धवटाचं ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे...

तुमच्यापैकी कोणी बसऱ्याकडून परतलं असेल, आणि भिवापूरचा, डाव्या हाताने जेवणारा शंकर कुठे भेटला असेल, तर कळवा. बरं असो की वाईट, मावशींना सांगायला मी स्वतः जाईन.