कोपरे दुमडलेले अंक

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात वाशीच्या एका कार्यालयात मी जगभरच्या युद्धांची यादी करायचो. ठरावीक संख्येहून कमी माणसं मेली, तर ते युद्ध धरायचं नाही. जवळच्या पावणे गावातला एक रद्दीवाला जुनी वर्तमानपत्रं पुरवायचा. परदेशातल्या ज्या यादवीत त्याचा भाऊ मेला, तिच्या बातम्यांचे कोपरे तो थुंकी लावून दुमडायचा. ते अंक न उघडताच मी ती यादवी खोडली.

“चाचा, ती यादीत बसत नाही.”

“मग माझा भाऊ कशात मेला, साहेब? तेवढं तरी लिवा.”

पुढे अंक उघडून मेलेल्यांची बेरीज केली. यादवी यादीत बसत होती, पण त्या यादीवरून काढलेला, युद्धं घटल्याचा आलेख तोवर छापून गेला होता. दुसऱ्या दिवशी गठ्ठा ठेवून त्याने पाणी मागितलं. मी पाणी दिलं, माफी मागितली नाही.