गोल्फच्या हिरवळीतली घटाची माती

मंडळी, तालमीच्या भिंतीवर हे मुद्दाम चिकटवतोय. वाचून जा.

आज निघालो होतो परंड्याला कुस्त्या बघायला, पण वाटेत साहेब लोकांच्या गोल्फ मैदानावर रेंगाळलो. तिथं आपली रखमाकाकू खुरप्यानं हिरवळ उकरून टोपलीत माती भरत होती. उद्या घट बसणार ना!

माळी दस्तगीरचाचा धावत आले. "अवो बाई, थंडीच्या आत हरळीनं मूळ धरलं न्हाय तर माझी नोकरी जाईल!"

"मग देवीच्या घटाला काय मुरूम घालू व्हय?" काकू म्हणाली.

मी काकूला ओढ्याकाठची काळी माती आणून दिली अन् खड्डा बुजवायला बसलो. तेवढ्यात एका साहेबांनी काठी हाणली. चेंडू जागेवरच राहिला, हरळीचं ढेकूळ मात्र लांब उडालं. साहेब तसेच पुढं गेले. चाचांनी उलट त्यांना सलाम ठोकला.

ते ढेकूळ मी परत बसवलं, पायानं दाबलं, पाणी घातलं. खेळणाऱ्यानं एवढंच तर करायचं असतं!

परंडा राहू द्या. उद्यापासून मैदानावर थांबून प्रत्येक साहेबाला हे सांगणार हाय. काकूला चाचा लगेच बोलले, साहेबांना कुणीच न्हाय. साहेबांना बोलायला माझ्यासंगं कोण येतंय?