दुबईहून तीन तास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे — तेही मला नीट माहीत नाही. थकलो आहे, एवढंच.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर उमेदीची वर्षं गेली. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं — नाव, गाव, अंतर, वेळ. त्यात माझी चूक सहसा निघत नसे. एक आकडा मात्र मी चुकवला. चुकला नाही, चुकवला.

संप फिसकटल्यावर दादा, माझा थोरला भाऊ, दुबईला गेला. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. ते लालबागच्या खोलीत बसून राहिले आणि पुढे आजारी पडले. त्यांची औषधं, अंघोळ, सगळं मी केलं. आणि ते? रोज विचारायचे, थोरल्याचा फोन आला का?

ते पहाटे गेले. सकाळी खालच्या मेडिकलच्या दुकानात दादाचा फोन आला. दुपारचं विमान मिळालं होतं. "संध्याकाळच्या आत पोचतो. थांबा," म्हणाला.

मी जिना चढून वर आलो. खोलीत चाळ जमली होती. गोपाळकाका उशाशी बसले होते — वडिलांच्या शेजारच्या मागावर त्यांनी जन्म काढला होता.

"कधी येता थोरलो?"

दुबई ते मुंबई साधारण एकोणीसशे किलोमीटर. विमानाला तीन तास. आमच्या गावची एसटी याहून कितीतरी जास्त वेळ घेते. हे मला पाठ होतं.

"विमान मध्ये थांबतं, काका. उद्या दुपारपर्यंत काही येत नाही."

"मगे बरफाची लादी हाडूया. थोरल्या झिलाच्या हातचा पाणी मिळांदे रे त्येका."

"लादी आणली तरी देह नाही राहणार, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू पेपरातलो. तुका ठाऊक," म्हणाले आणि उठले.

दुपारी मी अग्नी दिला. मला तो द्यायचा होता — दुसरं कारण कशाला शोधू?

दिवेलागणीच्या आधी दादा दारात उभा राहिला. चाळीला मी सांगितलं, नशिबानं थेट विमान मिळालं त्याला. दादानं मला गॅलरीत नेलं.

"घाई कोणी केली?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं — असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं आहे.

"गोपाळकाका ऐकेनात," मी म्हणालो.

संपात आमची चूल बंद असायची तेव्हा दादा ज्या काकांच्या ताटात जेवला, त्यांच्याशी तो पुन्हा बोलला नाही. सुट्टीवर आला की जिन्यात त्यांच्याकडे न बघता पुढे जायचा. काका मला विचारायचे, "थोरलो माझ्यार रागावलो काय रे?"

"छे हो. कामात असतो."

किती वेळा म्हणालो असेन? मोजलं नाही.

काका गेले तेव्हा दादा इथेच होता, दादरला, सासुरवाडीला. मी त्याला कळवायला गेलो. त्यानं पंखा वाढवला, मला बस म्हणाला.

"माझ्यासाठी ते चार तास थांबले नाहीत. मी कशाला जाऊ?"

वहिनीनं चहा आणला. मी तो प्यायलो, आणि एकटाच खांदा द्यायला गेलो.